चादरीला दोन माणसं लागतात

९ फेब्रुवारी, सोमवार

अहो,

नमस्कार. इकडे मी बरी आहे. तुम्हीही बरे असालच. लेकीच्या घरी तिसऱ्या मजल्यावर बसून खालच्या गाड्या बघायला कसला त्रास? पत्र लिहिण्यास कारण एवढंच, की फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघत बसणं. मी दहा वाक्यं बोलते, तुम्ही एकदा "हूं" म्हणता, आणि फोन लेकीच्या हातात जातो. ती म्हणते, "आई, बाबा बरे आहेत." अगं बाई, ते बरे आहेत हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं, तुझ्या नाही. असो. कागदापुढे हूं करून भागत नाही, म्हणून हा कागद.

माझं अक्षर तुम्हाला ठाऊक आहे. चार इयत्ता शिकले, त्यातली एक दोनदा. लागलं तर चष्मा घाला.

आठ दिवसांसाठी म्हणून गेलात. पिशवीत दोन सदरे, एक टॉवेल. आज सदतीस दिवस झाले. दोन सदऱ्यांत सदतीस दिवस काढणारा माणूस बावीस वर्षं लॉन्ड्रीत होता, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. जावयाचे घालत असाल तर पोटावरची बटणं सांभाळा.

लॉन्ड्रीतली बातमी तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. धाकट्या मालकांनी आता पाचला दिवे बंद करायचा नियम काढलाय. सहा नाही, पाच. "घरी जा, मावशी, घरच्यांना वेळ द्या." फार मोठं मन. चादरी मात्र तेवढ्याच. सहाशे होत्या, सहाशेच आहेत, तास एक कमी. म्हणजे पूर्वी चालत करायचो ते आता धावत करतो, आणि घरी जाऊन घरच्यांना वेळ देण्याऐवजी पाय चेपत बसतो. याला समतोल म्हणतात. भिंतीवर चित्रसुद्धा चिकटवलंय. एक बाई एका पायावर उभी, एका हातावर घर, दुसऱ्या हातावर टेबल, आणि हसतेय. आपली बटणं शिवणारी, बटणवाली, म्हणाली, "हिला कुणी खुर्ची का देत नाही?" तेवढंच काय ते शहाणं वाक्य त्या चित्राबद्दल निघालं.

माझ्यासमोर आता गुणगुणी आहे. तीच, नवी, दिवसभर नाकात गाणारी. चादर धरायची तिला अक्कल नाही. रोलरमधून चादर गरम निघते, ती चटकन चार टोकांनी उचलायची, एक झटका द्यायचा, मधोमध दुमडायची, चार पावलं पुढे यायचं, टोकं हातात द्यायची, खालची घडी उचलून परत मागे जायचं. यात काय आहे? ही बाई पुढे येते ती नाचत येते आणि टोकं देताना माझ्याकडे न बघता छताकडे बघते. छतावर काय आहे? पंखा आहे, तोही बंद. चादरीला दोन माणसं लागतात, अहो. दीड माणसाने चादर होत नाही.

आपण एका चादरीला दोनदा जवळ यायचो. सहाशेला बाराशे वेळा. कधी हिशोब केला नव्हता, आता गुणगुणीचं नाक बघून बघून करते. पहिल्या खेपेला अर्धं वाक्य मी बोलायची, दुसऱ्या खेपेला उरलेलं, पुढच्या चादरीला तुमचं उत्तर. लेकीचं लग्न आपण दवाखान्याच्या हिरव्या चादरींवर ठरवलं. माझ्या बापाच्या आजारपणात कोण जाणार, कोण राहणार, ते हॉटेलच्या पांढऱ्या चादरींवर. तुम्ही रागावलात की झटका जोरात बसायचा आणि माझ्या बोटांतून टोक सुटायचं. मग मी पुढच्या चादरीला तेवढाच झटका परत द्यायची. भांडण मिटलं की चादर हलकी यायची. मशिनांचा एवढा धडधडाट, पण आपलं सगळं बोलून व्हायचं. तिथे काय, सगळेच ओठांवर बोलतात.

आणि ही समतोलबाई मला विचारते, "ताई, नवऱ्याशी दिवसातून किती वेळ बोलता?"

आठवतंय ना? नोव्हेंबरात, मंगळवारी, जेवायच्या खोलीत सगळ्यांना बसवलं होतं. मशिनं बंद केली होती, तासभर. बाई आली ती उंच टाचांची, आणि आल्या आल्या म्हणाली की ती फार धावपळीत आलीय, तीन ठिकाणी समतोल शिकवून. दम लागलेला. पाणी प्यायली आणि सांगायला लागली की जिवाला दम द्या. प्रत्येकाला एक कागद दिला, त्यावर एक मोठा गोल, आणि चार रंगांचे खडू. कामाला एक रंग, घराला एक, विश्रांतीला एक, स्वतःला एक. रंगवा म्हणाली. पन्नाशीच्या बायका जमिनीवर बसून खडूने गोल रंगवतायत. मी एकच रंग फासला आणि दिला.

ती म्हणाली, "सगळं कामच?"

मी म्हटलं, "यात सगळंच आलं. नवरा समोरच असतो. आठ तास बोलतो."

"ते काम झालं, ताई. घरी किती बोलता?"

तेवढ्यात बटणवालीने तोंड घातलं. "घरी ही दोघं म्हणजे दोन कपाटं. समोरासमोर उभी, आणि किल्ल्या हरवलेल्या."

सगळी खोली हसली. तुम्ही मागच्या बाकावर होतात. मी वळून बघितलं. तुम्हीसुद्धा हसत होतात. मान हलवून, दात काढून.

ते असू दे. झालं ते झालं.

लेकीकडची तऱ्हा मला फोनवर कळते. तिच्या ऑफिसातही म्हणे असली बाई येते. त्यामुळे जेवताना सगळ्यांचे फोन टोपलीत ठेवायचे, आणि मग सगळे मिळून टोपलीकडे बघत जेवायचं. टोपली थरथरली की जावयाचा घास अडकतो. भिंतीवर महिन्याचा तक्ता आहे, त्यात रंगीत चौकोन. तुम्हाला पिवळा दिलाय म्हणे, रविवारी चार ते पाच, "बाबांसोबत वेळ". अभिनंदन. मी तिला नऊ महिने पोटात ठेवलं, कोणत्या रंगाच्या चौकोनात ठेवलं ते आठवत नाही.

आता मुद्द्याचं. नवरा-बायको एका टेबलावर नकोत, घरचं घरी आणि कामाचं कामावर, हा नियम धाकट्या मालकांनी काढला. तुम्हाला टेबलावरून उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मळक्या कपड्यांच्या छाटणीला टाकलं. बावीस वर्षं घडी घालणाऱ्या माणसाला रक्ताच्या आणि ओकारीच्या चादरी वेगळ्या करायला बसवलं. तुम्ही तीन आठवडे गेलात, काही बोलला नाहीत, आणि चौथ्या आठवड्यात पिशवी उचललीत. बरं, मी काही लपवून ठेवलं असं तुम्ही म्हणू शकत नाही. डिसेंबरात एका संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत होतात. ऐकून हूं म्हणालात. मला वाटलं, विषय मिटला. माणसाने एकदा हूं म्हटल्यावर मग वर पिशवी उचलून जाऊ नये. राग होता तर तेव्हाच काढायचा. हूं म्हणायचं आणि मनात ठेवायचं, हा कुठला धर्म?

मी परत तो विषय काढणार नाही. तुम्ही कधी येताय तेवढं लिहा.

बाकी घरी सगळं जागच्या जागी आहे, एक सोडून.

बायको



१७ फेब्रुवारी, मंगळवार

अहो,

नमस्कार राहू दे. मी बरी नाही, रागात आहे.

काल लेकीचा फोन आला. म्हणाली, "आई, बाबांना पत्र मिळालं, दोनदा वाचलं." मी म्हटलं, उत्तर? म्हणाली, "लिहायला बसतात आणि उठतात." आणि मग सहज, जसं दूध आणलं असं सांगावं तसं म्हणाली, "आणि त्यांचं कानाचं यंत्र आलं, आता बरंच ऐकू येतं."

कसलं यंत्र?

डॉक्टरीण बाईने तपासलं म्हणे. उजवा कान जवळजवळ गेलेला, डावा अर्धा. मशिनांच्या आवाजाने. आजचं नाही, सात-आठ वर्षांचं असेल. लेक मला विचारते, "तुला माहीत नव्हतं?" बावीस वर्षं दिवसातून बाराशे वेळा ज्याच्या तोंडासमोर गेले त्याला ऐकू येत नाही हे मला माहीत नव्हतं? लाज वाटली आणि लाज वाटल्याचा राग आला, तो लेकीवर काढला. तिने ऐकून घेतलं. तिच्या तक्त्यात त्याला कोणता रंग आहे देव जाणे.

तुम्ही का नाही सांगितलंत? सात वर्षं! एक शब्द? "अगं, मला ऐकू येईनासं झालंय." पाच-सहा शब्द आहेत, एका खेपेत बसतात. टेबलावर माझे ओठ वाचत राहिलात आणि घरी आलं की हूं, हूं, हूं. मी ओट्याकडे तोंड करून बोलत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी. भाजी काय करू विचारलं, हूं. गुडघा दुखतो म्हटलं, हूं. एकदा चिडून म्हटलं होतं, आता मी जीव देते, त्यालाही हूं. आणि मी ते सगळे हूं धरून संसार चालवला! वेडी मी की वेडे तुम्ही?

तुम्हाला भीती वाटली असेल की कामावरून काढतील. बहिऱ्याला कोण ठेवतं, असं वाटलं असेल. पण मला सांगितलं तर मी काय ढोल वाजवणार होते?

आणि त्या मंगळवारी तुम्ही हसलात ते. बटणवाली बोलली तेव्हा तुम्ही मागच्या बाकावर होतात. तिचं तोंड पुढे, तुम्हाला दिसलीसुद्धा नसेल. सगळे हसले म्हणून हसलात. हो ना?

म्हणजे मग डिसेंबरात ओट्यापाशी मी सांगितलं, तेही...

आज एवढंच.

बायको



२४ फेब्रुवारी, मंगळवार

अहो,

नमस्कार. इकडे हवा बरी आहे, पाणी येतंय, मी कामावर जातेय. झालं सगळं लिहून. आता खरं लिहिते.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कानांत कापूस कोंबला आणि कामावर गेले. दाबून, काडीने. डोक्यावरून रुमाल बांधला. म्हटलं बघू तरी. टेबलावर काही फरक पडला नाही, विश्वास बसेल? गुणगुणीचं गाणं बंद झालं, हा एक फायदा. ती चार पावलं पुढे यायची आणि मला तिचे ओठ दिसायचे. दुपारनंतर तिने माझ्याकडे बघायला सुरुवात केली, कारण मी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. बिचारी घाबरली. म्हणाली, "मावशी, दातात काही अडकलंय का माझ्या?" मला बरोबर कळलं. म्हटलं, नाही गं, बोल. मग ती बोलली. तिला दोन मुली आहेत, एक शाळेत जात नाही. दोन महिने समोर होती, मी विचारलं नव्हतं.

घरी कापूस काढला नाही. तुमच्या खुर्चीत जाऊन बसले. शेजारीण आली, दाराशी उभी राहून हाका मारून गेली म्हणे, तिने दुसऱ्या दिवशी तोंड वाकडं केलं तेव्हा कळलं. न्हाणीतला नळ उघडा राहिला, पाणी पायाशी आलं तेव्हा उठले. आणि समोर ओटा. त्या खुर्चीतून ओट्याकडे बघितलं की काय दिसतं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. पाठ दिसते. माझी पाठ, अंबाडा, कोपर. त्या पाठीशी तुम्ही कसलं बोलणार? पाठ हलते की नाही ते बघून मधूनमधून हूं करणार. मी असते तर मीही तेच केलं असतं. नाही, मी चिडून उठून गेले असते. तुम्ही बसून राहिलात.

आता जे सांगायचं ते.

त्या समतोलबाईने खडू गोळा केल्यावर प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली होती. कामात एक बदल काय हवा ते लिहा, नाव घालू नका. बाकीच्यांनी पंखा लिहिला, रजा लिहिली, बटणवालीने "चहा गरम" लिहिलं. मी लिहिलं: समोरचा माणूस बदला.

मीच. मालकांनी नाही, बाईने नाही. त्यांनी नंतर त्याचा नियम केला, कारण असल्या लोकांना एक चिठ्ठी मिळाली की दहा जणांचं कल्याण करायची खाज सुटते. पण पहिली चिठ्ठी माझी.

दोन कारणं होती. एक, तुम्ही हसलात. ते आता वजा करा, त्यात तुमची चूक नव्हती.

दुसरं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. ती बाई बोलताना म्हणाली होती, "तुम्ही सगळं कामावर सांडून येता, मग घरी न्यायला काय उरतं?" मी तिची टिंगल केली, पण ते वाक्य मला लागलं. घरी तुम्ही माझ्याशी बोलत नव्हतात. वर्षं झाली होती. मी जेवण वाढायची, तुम्ही जेवायचात, दिवा बंद. मला वाटायचं, टेबलावर बोलून बोलून तुमचं संपत असेल. मग टेबल बंद केलं तर? समोर दुसरं कुणी असेल तर दिवसभराचं सगळं तुमच्यात साठेल आणि संध्याकाळी घरी माझ्यासाठी निघेल. पाणी अडवलं की दुसरीकडे वळतं, तसं. एवढा साधा हिशोब केला मी. चौथी शिकलेल्या बाईचा.

त्या बाईला मी इतकी नावं ठेवते ना, ती यासाठी. तिचं मी ऐकलं. सगळ्या खोलीत फक्त मीच ऐकलं.

ते तुम्हाला छाटणीत टाकतील असं मला वाटलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर ठेवतील वाटलं होतं. पहिल्या दिवशी तुम्ही शेडमधून आलात, हात तीनदा साबणाने धुतलेत. त्याच संध्याकाळी मी सांगितलं. पण कसं सांगितलं? ओट्याकडे तोंड करून, भाजी चिरत, कारण तुमच्याकडे बघून सांगायची हिंमत नव्हती. "ती चिठ्ठी माझी होती," असं म्हटलं. आणि तुम्ही हूं म्हणालात. मला केवढं हलकं वाटलं! मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे. आणि मग तुम्ही निघून गेलात तेव्हा वाटलं, कसलं मोठं मन, डूख धरलाय.

तुम्ही ऐकलंच नव्हतं. मी भिंतीला सांगून मोकळी झाले होते.

लेक म्हणाली की तुम्हाला वाटलं, तुमच्या कानाचं धाकट्या मालकांना कळलं म्हणून तुम्हाला हलवलं. तुम्ही लाजेने गेलात. तिला म्हणालात म्हणे, "आता मी कशालाच उपयोगी नाही." अहो, कानाचं तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. तुमची घडी सगळ्यांत सरळ होती आणि आहे. तुम्हाला कुणी कमी लेखून हलवलेलं नाही. तुम्हाला तुमच्या बायकोने हलवलं, कारण तिला तुम्ही घरी हवे होतात. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

काल मी धाकट्या मालकांच्या खोलीत गेले. ते कुणाशी तरी फोनवर होते, हाताने थांबा म्हणाले. मी बसले. एरवी उभी राहते. मी सांगितलं, ती चिठ्ठी माझी, माणूस माझा, त्याला टेबलावर परत घ्या. म्हणाले, "मावशी, आता ते धोरण आहे."

मी म्हटलं, "धोरण तुमचं, कान त्यांचे गेले. तुमच्या मशिनांनी."

"कान? कसले कान?"

मी सांगितलं. तोंड पांढरं झालं त्यांचं. लगेच मवाळ. डॉक्टरांचा कागद आणा, बघू, करू, मावशी तुम्ही कुठे बोलू नका. मी म्हटलं, मी बोलणारच, तिथे निम्म्यांना ऐकू येत नसेल, ओठांवर बोलतात ते काय हौस म्हणून? दिवे पाचला बंद करता, मशिनांचा आवाज किती वाजता बंद करता? त्याचं चित्र लावा भिंतीवर.

शेवटी एवढं ठरलं. सगळ्यांचे कान तपासायला माणूस आणणार, आणि तुम्हाला टेबल परत देणार. पण माझ्यासमोरचं नाही. दारापाशी, दुसऱ्या कुणासमोर. नियम त्यांच्या नाकाला चिकटलाय, तो काढला तर नाक जाईल. मी त्यावर हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ते तुमचं टेबल, तुम्ही बघा. यायचं नसेल कामावर तर येऊ नका, मी दोघांपुरतं कमवायला उभी आहे. ते कारण करून तिकडे राहू नका एवढंच.

शनिवारी मी रजा घेतलीय. आजारपण सोडून पहिली. कारणाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर कारकून म्हणाला, "घरगुती लिहा." लिहिलं.

दुपारच्या गाडीने येते. लेकीला सांगितलेलं नाही, तिच्या तक्त्यात शनिवारी जागा नसेल. तीन जिने चढून दारात उभी राहीन. दार तुम्ही उघडा. यंत्र घाला किंवा घालू नका, मी तोंडासमोर उभी राहून बोलेन. जे या कागदात लिहिलंय तेच परत बोलेन, एकेक वाक्य, तुमच्याकडे बघून. मला ते फार जड जाणार आहे. त्यानंतर तुम्हाला जे म्हणायचं ते म्हणा. शिव्या घाला. चालती हो म्हणालात तर चालती होईन, जिना उतरताना मागे बघणार नाही. पण काहीतरी पूर्ण वाक्य बोला.

येते.

तुमची बायको,
शनिवारनंतरही राहिले तर